मूल झालं, आता कशाला दवाखाना?

आमच्या वसमत-कळमनुरी भागात मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नाही ही गोष्ट डॉक्टरपर्यंत दोनदाच पोहोचते. एकदा सोयरीक जुळायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलला नाही म्हणजे. मधल्या काळात तिच्या हनुवटीवर राठ केस येतात, मान काळी पडते, विंचरताना डोक्यावरचे केस मूठभर हातात येतात. त्यासाठी कुणी दवाखान्यात नेत नाही. त्यासाठी थ्रेडिंग असतं, हळदीचा लेप असतो, मैत्रिणीनं सांगितलेलं मलम असतं. आणि एकदा मूल झालं की विषयच मिटतो. "झालं की लेकरू, आता कशाला दवाखाना?" हे मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलं, शेजारणींकडून ऐकलं आणि आता माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला तेच ऐकवतात.

मी वसमतला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. 19 व्या वर्षी मला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असल्याचं कळलं, आज मी 44 वर्षांची आहे. मला मुलगी झाली, ती नववीत शिकते. सासूबाईंच्या हिशेबानं माझा आजार 14 वर्षांपूर्वीच संपायला हवा होता. प्रत्यक्षात गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 5.9 टक्के आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पाळी अडकणं हे या आजाराचं एक लक्षण आहे, आणि मूल न होणं हा त्याचा एक परिणाम आहे, तोही सगळ्यांच्या वाट्याला न येणारा. आजार स्वतः मात्र त्या बाईसोबत आयुष्यभर चालतो. म्हणून तिची काळजीही लग्नाशी आणि लेकराशी बांधलेली नसावी, हे मला मनापासून सांगायचं आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यानं स्नायू आणि यकृत ती साखर आत घेतात. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींचे स्नायू या इशाऱ्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. तपासणीत साखर वर्षानुवर्षं चांगली येते, कारण स्वादुपिंडानं जास्तीचं राबून ती काबूत ठेवलेली असते. अडचण अशी की स्नायू दाद देत नसले तरी अंडाशय त्या जादा इन्शुलिनला पुरेपूर दाद देतं. अंडाशयातल्या पेशी टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजन संप्रेरकं जास्त बनवू लागतात. ही संप्रेरकं प्रत्येक बाईच्या अंगात थोडी असतातच, इथं त्यांचं प्रमाण वाढतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, इन्शुलिन वाढलं की तेही घटतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन मग चेहऱ्यावर केस आणतं, मुरमं आणतं आणि टाळूवरचे केस विरळ करतं. मानेच्या मागं, काखेत जी मखमलीसारखी काळी जाड त्वचा दिसते तो मळ नव्हे. जादा इन्शुलिनची ती खूण आहे. आमच्या वर्गात कितीतरी पोरी ती मान दगडानं घासून घासून लाल करून येतात. ती घासून जात नाही.

अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढायला लागतात. त्यातला एक पूर्ण पिकतो, फुटतो आणि अंडं बाहेर पडतं. या आजारात ते मध्येच थांबतात. पावसानं दगा दिला की ज्वारी पोटऱ्यात येते पण निसवत नाही, तसं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ज्यांना गाठी म्हणतात ते हेच अर्धवट वाढलेले बीजकोश. ते कर्करोगाच्या गाठीसारखे नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही. त्यांना काढून टाकायची गरज नसते. अंडं बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि ते नसलं की पाळी वेळेवर येत नाही. गर्भपिशवीचं अस्तर मात्र इस्ट्रोजेनवर जाड होत राहतं. मग महिनोन्‌महिने काहीच नाही आणि अचानक दहा-पंधरा दिवस अंगावर जात राहतं, असं होतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं तर त्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. एकूण धोका तसा लहान आहे, पण त्यामुळंच तीन महिन्यांहून जास्त पाळी लांबली की ती गोळ्या देऊन आणवावी, असं डॉक्टर सांगतात. "रक्त आत साठून राहतंय" ही आपल्या आयांची भीती खरी नाही. रक्त साठत नाही, अस्तर वाढत राहतं, आणि काळजी त्याची करायची.

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी अशा 7 बायकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या अंडाशयाची एक फोड कापून काढली, तर पाळी सुरू झाली. तेव्हापासून कित्येक वर्षं हा आजार अंडाशयाचाच मानला गेला, त्याचा उपाय चाकूनं व्हायचा. इन्शुलिनचा संबंध 1980 नंतर स्पष्ट झाला. आमच्याकडच्या लोकांच्या मनातलं चित्र अजून 1935 चंच आहे: काहीतरी आत वाढलंय आणि ते काढलं पाहिजे.

माझं निदान झालं ते साल 2000. आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि सोनोग्राफीसाठी वडील मला एसटीनं नांदेडला घेऊन गेले होते. मी तेव्हा 46 किलोंची होते. माय घरी म्हणायची, "अंगात उष्णता झाली असंल पोरीच्या." डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझ्याशी एक अक्षर न बोलता वडिलांना म्हणाले, "लग्न करून टाका, लेकरू झालं की आपोआप बरं होईल." त्यांना कुणी वाईट म्हणू नये, तेव्हा सगळीकडे हेच सांगायचे. पण त्या एका वाक्यानं माझी पुढची दहा वर्षं लग्न आणि मूल या दोन तारखांना बांधली गेली. माझ्या वडिलांना चाळिशीत मधुमेह झाला होता, हे कुणी विचारलं नाही. माझी साखर कुणी तपासली नाही.

मी बारीक होते, यानंही घरच्यांची फसगत झाली. हा जाड बायकांचा आजार, असा समज आजही आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या गोष्टीवर आयुष्यभर काम केलं आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा त्यांनी अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंच्या आसपास जन्मत होती, इंग्लंडमधली 3.5 किलोंची. वजनात एवढा फरक, पण आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं शाबूत. 2004 मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखं, बॉडी मास इंडेक्स दोघांचाही 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. बाहेरून बारीक आणि आतून चरबी, असं आपलं शरीर. म्हणून माझ्यासारख्या 46 किलोंच्या मुलीलाही इन्शुलिनचा त्रास असू शकतो. वजनकाट्याइतकाच पोटाचा घेर बघायचा. आपल्याकडच्या बाईचा तो 80 सेंटीमीटरच्या आत असलेला बरा.

हा आजार किती जणींना असतो? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मूल होण्याच्या वयातल्या 10 ते 13 टक्के बायकांना, आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. आपल्या राज्यातला आकडा मुंबईचा आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुली तपासल्या, तो अहवाल 2014 मध्ये आला. एका निकषानं 22.5 टक्के, दुसऱ्या कडक निकषानं 10.7 टक्के. निकष बदलला की आकडा निम्म्यावर येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या वर्गात 60 मुली असतील तर त्यातल्या निदान सहा जणी या वाटेवर असू शकतात, एवढं मी त्यावरून धरून चालते.

निकष म्हणजे काय तेही सांगते, कारण नुसत्या सोनोग्राफीवर हा शिक्का मारून घेतलेल्या मुली मी बघते. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांची बैठक झाली, तिथं ठरलेली पद्धत थोड्या बदलांनी आजही चालते. तीन गोष्टी बघायच्या: पाळी अनियमित आहे का, अँड्रोजन वाढल्याची खूण अंगावर किंवा रक्ताच्या तपासणीत आहे का, आणि अंडाशयात बरेच बीजकोश दिसतात का. तीनपैकी दोन असतील तरच पीसीओएस. पाळी अनियमित आणि अंगावर राठ केस असतील तर सोनोग्राफी करायचीही गरज नाही. उलट नुसती सोनोग्राफीच तशी आणि बाकी सगळं ठीक, तर तो आजार नाही. निदान पक्कं करण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यायचं, कारण त्यांच्या बिघाडानंही पाळी लांबते.

मुलींच्या बाबतीत तर फार घाई होते. "बाई, मह्या पोरीच्या पिशवीत गाठी निघाल्या म्हणं," असं एका विद्यार्थिनीची आई रडत सांगत आली. पोरगी 14 वर्षांची, पाळी येऊन दीड वर्ष झालेलं. त्या वयात अंडाशयात भरपूर बीजकोश दिसणं हे स्वाभाविकच असतं. 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. पहिल्या वर्षी पाळी कशीही आली तरी ते चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 21 ते 45 दिवसांच्या अंतरानं यावी. तीन वर्षांनंतर 21 ते 35 दिवस. पहिलं वर्ष सरल्यावर कधीही सलग 90 दिवस पाळी आली नाही, किंवा पंधरावं संपत आलं तरी पहिली पाळीच नाही, तर मात्र दाखवायला न्यायचं. माझ्या मुलीच्या बाबतीत मी हेच करते आहे. हा आजार घराण्यात चालतो, त्यामुळं माझं लक्ष आहे. तिनं स्वतःच्या वहीत तारखा लिहायच्या, एवढाच नियम मी घरात केला आहे. मुलींना मी वर्गातही सांगते: कॅलेंडरवर तारखेला गोल करा, लाजू नका. डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडणारा कागद तोच.

आता खाण्याचं. यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि सगळ्यात जास्त पैसा जातो. मोबाइलवर कुणी गहू बंद करायला सांगतं, कुणी दूध, कुणी फळं. खरं तर या आजारासाठी अमुकच आहार इतरांपेक्षा सरस, असं कुठल्याही अभ्यासात निघालेलं नाही. आपल्याला झेपेल असा, रोज चालू ठेवता येईल असा संतुलित आहार घ्यायचा. आपल्या जिल्ह्यात हे अवघड असायला नको होतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, ताक. माझ्या आजीचं ताट असंच होतं. पण शेतात सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ आला. तूर आणि हरभरा पिकतो, पण तो मोंढ्यात जातो आणि घरात डाळ पातळ होत जाते. त्यातून बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तेव्हा तिच्या वाटणीला भात आणि कालवण उरतं, डाळ तळाशी संपलेली असते. मी कुणाला नवीन पीठ विकत घ्यायला सांगत नाही. पोळ्यांची किंवा भाताची निम्मी जागा डाळ-उसळ-भाजीला द्या आणि मुलीला पहिल्या पंगतीत वाढा, एवढं सांगते.

उपवासाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. श्रावणातल्या सोमवारी आमच्याकडची निम्मी बस औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघते आणि त्या दिवशी घरोघर साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाणा, बटाटा आणि साखरेचा चहा घेतला तर इन्शुलिनवर त्याचा ताण पडतो. माझ्या श्रद्धेला मी हात लावला नाही. मी भगर घेते, तीही थोडी, आणि सोबत शेंगदाण्याची आमटी, दही, एखादं फळ. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्या आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायांनी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये आणि उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

हळदीबद्दल मला हमखास विचारतात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला तिचा अभिमान आहे, माझ्या माहेरी दीड एकर हळद असते. पण रोज हळदीचं पाणी पिऊन पीसीओएस जातो, याला पुरेसा पुरावा नाही. भाजीत घाला, दुधात घाला, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. पावडरींचे डबे आणि 'सात दिवसांत पाळी नियमित' म्हणणाऱ्या पुड्या तर घेऊच नका.

व्यायामाचं आमच्या गावात वेगळंच आहे. खुरपणी, सोयाबीनची काढणी, हळदीची काढणी, शिजवणी करणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणायला जीभ रेटत नाही. तिच्या स्नायूंना हंगामात काम मिळतंच, तिला विश्रांती आणि प्रथिनं हवीत. पण तिची मुलगी सकाळी सहाच्या बसनं कॉलेजला येते, दिवसभर बाकावर बसते, संध्याकाळी मोबाइलवर बसते. हिच्यासाठी आठवड्याला निदान 150 मिनिटं घाम येईल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारं काम. दोरीवरच्या उड्या, उठाबशा, भरलेली बादली उचलणं, काहीही. स्नायू राबले की इन्शुलिनची गरज कमी होते, मग वजन एक किलोही न घटलं तरी चालेल. ही गोष्ट मला फार उशिरा कुणीतरी सांगितली आणि तिनं माझा धीर वाढवला, कारण मला कमी करायला वजनच नव्हतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरलं तरी पाळीत फरक दिसू शकतो: 70 किलोंच्या बाईनं साडेतीन किलोंपासून सुरुवात धरायची. मी पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं चालते. सुरुवातीला लोक विचारायचे, "बाई, कुठं निघालात?" आता सोबत गल्लीतल्या चार-पाच जणी असतात, आणि सोबत असली की अंधाराचं भय राहत नाही.

औषधांबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, त्यातली काही अनाठायी. पाळी नियमित करायला आणि केस-मुरमं कमी करायला ज्या गोळ्या देतात, त्या बहुधा गर्भनिरोधकाच्याच गोळ्या असतात. लग्नाआधीच्या मुलीला त्या दिल्या की घरात गदारोळ होतो. त्यांनी पुढं मूल होण्यात अडथळा येत नाही. रक्तदाब जास्त असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, डोळ्यांपुढं चमकणारी अर्धशिशी असेल किंवा धूम्रपान असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायला हवं. केसांवर परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात. आमच्या पोरी दोन महिन्यांत कंटाळून सोडतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी इथं इन्शुलिनसाठी देतात. तिनं पहिले काही आठवडे मळमळतं, पोट बिघडतं, म्हणून लहान मात्रेपासून, जेवणानंतर. बरीच वर्षं घेतली तर ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि शाकाहारी बाईत ते आधीच कमी असतं, तेव्हा तेही तपासून घ्यायचं.

मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणणं मात्र थांबलं पाहिजे. महालक्ष्म्या बसायच्या आल्या की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, नंतर आली नाही की पाळी आणायच्या गोळ्या. ज्या मुलीची पाळी मुळातच अनियमित आहे तिचं या उलटसुलट गोळ्यांनी काय चाललंय ते डॉक्टरलाही कळेनासं होतं.

मला मूल हवं होतं तेव्हा मला क्लोमिफीनच्या गोळ्या मिळाल्या. आता अंडं पक्व करण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. आपल्या देशात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, ती 2017 मध्ये उठली. दोन्ही गोळ्या महिन्यातले पाच दिवस घ्यायच्या असतात, खर्च फार नसतो, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक बायांना औषधाविना किंवा एवढ्याशा औषधानं मूल होतं. थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या सेंटरचं नाव कुणी सांगितलं तर आधी विचारा, या गोळ्या करून बघितल्या का, नवऱ्याची तपासणी झाली का. आमच्याकडे नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी होते. आणि उलट बाजूनं एक धोका आहे: पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं समजून काही जोडपी बिनधास्त राहतात. अंडं कधीतरी बाहेर पडतंच, आणि पाळी एरवीही येत नसल्यानं बाई गरोदर आहे हे पाचव्या महिन्यात कळतं.

दिवस राहिले की साखर तपासायचीच. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. पीसीओएस असलेल्या बाईला गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका जास्त, म्हणून नर्सताईंना स्वतःहून सांगावं: मला हा आजार आहे.

पिशवीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. 2019 मध्ये आपल्या मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची बातमी देशभर गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. तपासलेल्या 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यात कित्येक जणी ऐन तरुण होत्या. त्यांना पीसीओएस होता असं मी म्हणत नाही. पांढरं जाणं, रक्तस्राव, पोटदुखी आणि कर्करोगाची दाखवलेली भीती, अशी तिथली कारणं होती. पण भीती तीच आहे. दोन लेकरं झाली, पाळीचा त्रास आहे, सोनोग्राफीत गाठी आहेत, मग काढूनच टाका. पिशवी काढल्यानं पीसीओएस जात नाही. तो पिशवीत नसतोच. इन्शुलिन तसंच राहतं, साखर तशीच वाढते, केस तसेच येतात. सोबत अंडाशयंही काढली तर पस्तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेली बाई होते आणि तिची हाडं झिजू लागतात. कुणी अशी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका, हे मी गल्लीत, बसमध्ये, लग्नात, जिथं विषय निघेल तिथं बोलते.

मनाचं कुणी विचारत नाही. या आजारात उदासपणा आणि चिंता जास्त दिसते, आणि आता मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेलं आहे की निदान झालेल्या प्रत्येक बाईला त्याबद्दल विचारावं. माझी एक हुशार विद्यार्थिनी बारावीत वर्गात ओढणी तोंडाला बांधून बसायची. पोरं तिला मिशीवरून चिडवत होती. तिनं दसऱ्याच्या प्रदर्शनाला हिंगोलीला जाणं सोडलं, मग लग्नकार्याला जाणं सोडलं, मग कॉलेज सोडायला निघाली. तिच्या आईला मी घरी जाऊन भेटले. आई म्हणाली, "बाई, सोयरिकीत कळू देऊ नगा." मी कुणाला सांगणार नव्हतेच. पण औषध लपवून, मान झाकून मुलीनं सासरी जायचं आणि तिथं गोळ्या बंद करायच्या, हा सल्ला तिला आजारापेक्षा जास्त महागात पडतो, हे मी त्या माउलीला सांगितलं. मुलीला सांगितलं की केस काढणं ही लाजेची गोष्ट नाही, थ्रेडिंग कर, जमलं तर पुढं लेझर कर, पण कॉलेजला ये. ती आता नांदेडला बी.एस्सी. नर्सिंग करते.

राहता राहिला चाळिशीनंतरचा भाग, ज्याच्याबद्दल आमच्याकडे कुणीच बोलत नाही. गंमत म्हणजे या वयात पाळी बऱ्याच जणींची आपोआप नियमित व्हायला लागते. माझीही झाली. त्यामुळं वाटतं, सुटलो. पण साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची खरी सुरुवात इथंच होते. साखर निदान झाल्यापासूनच, कुठल्याही वयात, दर एक ते तीन वर्षांनी तपासायची असते. माझ्यासारखं घराण्यात मधुमेह असेल तर दर वर्षी. ग्लुकोज पाजून केलेली तपासणी त्यात सगळ्यात भरवशाची. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी सोपी आहे, पण आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी असतं आणि तेव्हा तो आकडा फसवा येऊ शकतो.

गावात आशाताई 30 वर्षांपुढच्यांची रक्तदाब आणि साखरेसाठी नोंद करतात, उपकेंद्रावर तपासणी होते. पीसीओएस असलेल्या मुलीनं तिशीची वाट बघू नये. 22 वर्षांची असली तरी उपकेंद्रात जाऊन म्हणावं, मला हा आजार आहे, माझी साखर बघा. जवळ जुना रिपोर्ट आणि पाळीच्या तारखांची वही असू द्यावी. आणि लेकरू झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींनो, तुमचं बाळ लसीला नेता त्याच दिवशी, त्याच रांगेत, आपलंही बोट टोचून घ्या.